वॉट नंतर बघा: घरी आणि स्टेजवर चालणारा मॉडेलिंग अ‍ॅम्प

मॉडेलिंग अ‍ॅम्प, म्हणजे वेगवेगळ्या अ‍ॅम्पच्या आवाजांची डिजिटल नक्कल करणारा गिटार अ‍ॅम्प, घ्यायला गेलं की दोन आकडे आधी कानावर पडतात: किती वॉटचा आहे आणि आत किती अ‍ॅम्पचे आवाज आहेत. आकडे खरे असतात, पण त्यांवरून निवड केली तर बहुतेक वेळा फसायला होतं. आधी ठरवायचं ते वेगळंच. आवाज शेवटी कुठून बाहेर पडणार: अ‍ॅम्पच्या स्वतःच्या स्पीकरमधून, हेडफोनमधून, की साउंडवाल्याच्या पीएमधून, म्हणजे प्रेक्षकांसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरमधून? आणि तो किती मोठा असणार? याचं उत्तर मिळालं की दुकानातले निम्मे अ‍ॅम्प आपोआप बाद होतात.

आत काय चालतं

जुन्या पद्धतीच्या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये गिटारचा सिग्नल प्रीअ‍ॅम्प, पॉवर अ‍ॅम्प, स्पीकर आणि लाकडी खोकं अशा टप्प्यांतून जातो, आणि प्रत्येक टप्पा आपापला रंग चढवतो. ज्या फाटलेल्या, गोड विकृतीसाठी हे अ‍ॅम्प प्रसिद्ध आहेत, तिचा मोठा भाग पॉवर ट्यूब आणि स्पीकर जोरात राबवल्यावर येतो. म्हणजे तो आवाज हवा तर मोठा आवाज सोसायला हवा. मॉडेलिंग अ‍ॅम्प सिग्नलचे आकडे करतो, हे सगळे टप्पे गणिताने करतो आणि त्याचा पुन्हा सिग्नल बनवतो. रोलँडचं व्हीजी-८ हे मॉडेलिंग यंत्र १९९५ साली आलं, लाइन ६चा अ‍ॅक्ससिस २१२ हा अ‍ॅम्प १९९६ साली आणि त्याच कंपनीचा लालभडक पॉड १९९८ साली. तेव्हापासून विकृती आणि आवाजाची पातळी यांची ताटातूट झाली. घरात कुजबुजीच्या पातळीवरही भरपूर ड्राइव्ह, म्हणजे ती विकृती, मिळतो, तो यामुळे.

या गणितातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे कॅबिनेट, म्हणजे स्पीकर आणि त्याचं खोकं. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही. ड्राइव्हमधून निघणारे कर्कश वरचे स्वर तो गाळून टाकतो. ही गाळणी न लावता ड्राइव्हचा सिग्नल थेट पीएला दिला, तर पीएचा ट्वीटर ते सगळं इमानदारीने वाजवतो आणि मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं ऐकू येतं. म्हणून हेडफोन आणि पीए यांच्यासाठी कॅबिनेटची नक्कल, म्हणजे कॅब सिम्युलेशन, चालू हवं.

उलट बाजूही तितकीच खरी. मॉडेलर किंवा फ्लोअर युनिट (पायाने चालवायचा, जमिनीवर ठेवायचा मॉडेलर) खऱ्या गिटार अ‍ॅम्पला जोडलं आणि कॅब सिम्युलेशन तसंच चालू राहिलं, तर सिग्नल दोनदा गाळला जातो आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा दबतो. ‘घरी हेडफोनवर झकास होतं, जॅम रूममध्ये मेलं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. स्पीकर गिटारचा असेल तर कॅब बंद, बाकी सगळीकडे चालू. हे नीट लक्षात ठेवलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

यावरून बाजारातल्या अ‍ॅम्पचे दोन गट पडतात. बॉस कटाना, लाइन ६ कॅटलिस्ट, मार्शल कोड यांत गिटारचा स्पीकर असतो. ते खोलीत ‘अ‍ॅम्पसारखे’ वाजतात, छातीवर येतात. यामाहा टीएचआर आणि पॉझिटिव्ह ग्रिड स्पार्क यांत छोटे, पूर्ण पट्ट्यातलं वाजवणारे स्पीकर असतात. त्यांतून गाणीही नीट ऐकू येतात, आणि गिटार माइक लावून रेकॉर्ड केल्यासारखी येते. पहिला गट चांगला, दुसरा वाईट असं काही नाही. पण दुसऱ्या गटातला अ‍ॅम्प घेऊन ड्रमरसमोर उभं राहायचं ठरवलं असेल, तर पुढचं गणित आधी वाचा.

वॉटचं गणित

वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट. त्यामुळे ५० वॉट आणि १०० वॉट यांतला फरक किंचित असतो. १०० वॉटचं मॉडेल घ्यायचं ते मोठ्या आवाजासाठी नाही, त्याच्या मागच्या बाजूला जास्त सॉकेट आणि फुटस्विचची सोय असते म्हणून.

खरा फरक स्पीकर पाडतो. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा १२ इंची स्पीकर १ वॉटला, १ मीटर अंतरावर १०० डेसिबल देतो. साधारण बरा १२ इंची गिटार स्पीकर ९७ धरू. छोट्या तीन-चार इंची स्पीकरची हीच संवेदनशीलता ८७च्या आसपास धरली, तर हिशोब असा होतो: १२ इंचीला ५ वॉट दिले की १०४ डेसिबल, छोट्याला ३० वॉट दिले तरी १०२. पाच वॉटने तीस वॉटला मागे टाकलं! ड्रमसेट खोलीत सहज १०० डेसिबलच्या वर जातो, आणि स्वच्छ आवाजाला तर वर आणखी जागा शिल्लक लागते, नाहीतर क्लीन सूर फाटायला लागतो. म्हणून ड्रमरबरोबर वाजवायचं असेल तर १२ इंची स्पीकर आणि ५० वॉट ही खालची मर्यादा माना. ८ इंची, २० ते २५ वॉटचे अ‍ॅम्प घरासाठी उत्तम, पण तालमीत ते पूर्ण उघडूनही शोधावे लागतात.

घरासाठी मात्र उलट काळजी: आवाज पुरेसा खाली येतो का? कटाना ५० मध्ये ०.५, २५ आणि ५० वॉट असं निवडायचं बटण आहे. फेंडरच्या टोन मास्टर डीलक्स रिव्हर्बमध्ये २२ वॉटपासून ०.२ वॉटपर्यंत पायऱ्या आहेत. हे बटण नसलेल्या अ‍ॅम्पचा मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, घरी शून्य आणि एक यांच्या मध्येच कुठेतरी अडकतो. केसभर फिरवला तर एकदम उसळतो, थोडा मागे घेतला तर गप्प. ०.५ वॉटवर तोच नॉब नऊ-दहाच्या काट्यापर्यंत फिरवता येतो आणि हात सुखाने फिरतो.

हळू आवाजात बनवलेला पॅच स्टेजवर का पडतो

माणसाचा कान हळू आवाजात खर्ज आणि अगदी वरची धार कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे आलेखात मांडलं. आता घरी रात्री हळू आवाजात पॅच, म्हणजे अ‍ॅम्पमध्ये साठवून ठेवायचा आवाज, बनवताना आपण काय करतो? बास वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मध्य खाली ओढतो. छान भरदार लागतं. तोच पॅच मंडपात मोठ्याने वाजला की कान खर्ज आणि धार पुरेपूर ऐकतो. खालून घुमतं, वरून टोचतं, आणि गिटारचा खरा आवाज जिथे राहतो तो साधारण ४०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झचा मधला पट्टा रिकामा. खाली बास गिटार आणि किक ड्रम बसलेले, वर झांजा. मधली जागा आपणच सोडलेली, त्यामुळे प्रेक्षकांना गिटारिस्ट दिसतो, ऐकू येत नाही.

महागातला महाग मॉडेलरही यातून सुटका करत नाही. उपाय एकच: घरचे पॅच वेगळे, कार्यक्रमाचे वेगळे. कार्यक्रमाचे पॅच जॅम रूममध्ये, खऱ्या पातळीवर बनवायचे. बास, मिडल, ट्रेबल तिन्ही मध्यावर ठेवून सुरुवात करा. आधी बास कमी करा, घुमणं थांबेपर्यंत. मग गेन, म्हणजे ड्राइव्ह कमी-जास्त करणारा नॉब, घरच्यापेक्षा पाव हिश्शाने खाली आणा. मोठ्या आवाजात स्पीकर आणि खोली स्वतःच सूर लांबवतात, त्यामुळे इतका गेन लागत नाही, आणि जास्त गेन म्हणजे सपाट झालेला, मागे ढकललेला आवाज. मिडल वाढवा, एकट्याने वाजवताना जरा नाकातला वाटेल इतका. बँडमध्ये तोच बरोबर बसतो. रिव्हर्ब आणि डिले निम्मे करा, कारण हॉलला स्वतःचा रिव्हर्ब असतो. फॅक्टरी प्रीसेट दुकानात एकट्याने वाजवून भुलवण्यासाठी बनवलेले असतात. त्यांत हे सगळं उलटं असतं.

शेवटचं काम सर्वांत कंटाळवाणं, म्हणून सगळे टाळतात: पॅचची पातळी एकमेकांशी जुळवणं. क्लीन, क्रंच (हलक्या ड्राइव्हचा) आणि लीड (सोलोचा) एकापाठोपाठ वाजवून बघा. क्लीनवरून क्रंचवर गेल्यावर आवाज पडता कामा नये. सोलोसाठी ३ ते ५ डेसिबल वर हवेत, आणि तेही गेन वाढवून नव्हे, तर गेनच्या नंतर येणाऱ्या पॅचच्या व्हॉल्यूमने. गेन आधीच भरलेला असेल तर तो आणखी वाढवून आवाज मोठा होत नाही, फक्त घट्ट होतो.

घर: शेजारी, हेडफोन, ब्लूटूथ

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. साधं बोलणंच ६० च्या आसपास जातं, म्हणजे रात्रीचा सराव हेडफोनवर हे उघड आहे. दिवसा वाजवताना खालच्या मजल्याला त्रास होतो तो बहुतेक जमिनीतून गेलेल्या खर्जाचा. अ‍ॅम्प खुर्चीवर किंवा जाड रबरी मॅटवर ठेवा आणि कोपऱ्यातून बाहेर काढा. कोपरा खर्ज फुगवतो. उंचीवर ठेवल्याचा आणखी एक फायदा: गिटारचा स्पीकर टॉर्चसारखा सरळ पुढे धार फेकतो. अ‍ॅम्प पायाशी असला की ती धार पोटऱ्यांना लागते, कानाला नाही, आणि मग माणूस ट्रेबल वाढवत बसतो.

हेडफोन वायरचेच हवेत. ब्लूटूथमधून आवाज यायला सर्वसाधारणपणे १०० ते २०० मिलिसेकंद लागतात, आणि तार छेडल्यावर इतक्या उशिरा सूर आला तर हात अडखळतो. अ‍ॅम्पच्या आत होणारा उशीर मोजके मिलिसेकंद असतो. ३ मिलिसेकंद म्हणजे आवाजाला एक मीटर चालून यायला लागणारा वेळ, त्याची चिंता नको. अ‍ॅम्पवर ‘ब्लूटूथ’ लिहिलेलं असतं ते फोनमधली गाणी किंवा बॅकिंग ट्रॅक अ‍ॅम्पमध्ये आणण्यासाठी. त्याला उशीर झाला तरी बिघडत नाही, आपण ट्रॅक ऐकूनच वाजवतो.

कार्यक्रम: मागची सॉकेट बघा

कार्यक्रमासाठी अ‍ॅम्प बघताना आधी मागची बाजू फिरवून बघा. पीएला सिग्नल द्यायला लाइन आउट हवा, आणि तो कॅब सिम्युलेशनसकट हवा. एक्सएलआर सॉकेट (माइकच्या केबलचं, तीन पिनांचं) असेल तर उत्तम: लांब केबलवर घरघर कमी येते. साध्या गिटार केबलचा लाइन आउट असेल तर साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स मागा, म्हणजे तो सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी. ग्राउंड लिफ्टचं बटण डीआय बॉक्सवर किंवा अ‍ॅम्पवर हवं. अ‍ॅम्प आणि मिक्सर दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज घेत असले की ५० हर्ट्झची घरघर सुरू होते, ते बटण दाबलं की बऱ्याचदा थांबते. घरघर थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक आहेत. हे अजिबात करू नका. हात तारांना आणि ओठ माइकला एकाच वेळी लागले आणि कुठे गळती असेल, तर झटका जिवावर बेततो.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: लाइन आउट मास्टर व्हॉल्यूमच्या आधी आहे की नंतर? नंतर असेल तर स्टेजवर तुम्ही अ‍ॅम्प थोडा खाली केला की प्रेक्षकांची गिटारही खाली जाते आणि साउंडवाला मिक्सरवर धावपळ करतो. दुकानात लाइन आउट मिक्सरला लावून मास्टर फिरवा, लगेच कळतं.

लाइन आउट नसेल तर माइक. एसएम५७ हा माइक अ‍ॅम्पच्या जाळीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, शंकूच्या मधोमध नाही आणि कडेलाही नाही, दोन्हींच्या मध्ये. मधोमध टोचरा, कडेला मंद. हेडफोनच्या सॉकेटमधून पीएला देणं अडचणीत चालतं, पण बहुतेक अ‍ॅम्पमध्ये तिथे प्लग घातला की स्वतःचा स्पीकर बंद होतो, मग स्टेजवर ऐकण्यासाठी मॉनिटरवर पूर्ण भिस्त. स्पार्क ४० घेऊन कार्यक्रमाला निघालेल्यांची पंचाईत इथेच होते. टीएचआरमध्येही लाइन आउट ३० वॉटच्या टीएचआर३०-टूला आहे, २० वॉटच्या टीएचआर१०-टूला नाही.

फुटस्विच नसेल तर कार्यक्रमाचा अ‍ॅम्प नाही, असं समजा. गाण्याच्या मध्ये वाकून बटण दाबता येत नाही आणि फोनवरचं अ‍ॅप स्टेजवर भरवशाचं नाही. फुटस्विच घेताना तो दाबून ठेवेपर्यंत चालणारा आहे की दाबला की अडकणारा, हे अ‍ॅम्पच्या पुस्तिकेशी जुळवून घ्या. चुकीचा लावला की एका पॅचसाठी दोनदा दाबावं लागतं किंवा पाय उचलताच पॅच परत जातो. बॉसच्या एफएस-५यू आणि एफएस-५एल यांत नेमका हाच फरक आहे, दिसायला दोन्ही भावंडं.

मग घ्यायचं काय

फक्त घर, आणि कधी तरी मित्रांबरोबर: टीएचआर किंवा स्पार्कसारखा टेबलावरचा अ‍ॅम्प. सरावाला त्यांच्याइतकं हाताळायला सोपं दुसरं नाही, आणि १२ इंची अ‍ॅम्प घेऊन इथे उगाच पैसे आणि जागा अडवू नये. घर, तालीम आणि छोटे कार्यक्रम एकाच अ‍ॅम्पवर भागवायचे असतील तर कटाना ५० किंवा १०० ही वर्षानुवर्षं टिकून राहिलेली निवड आहे. २०१६ साली मालिका आली, २०२४ साली तिसरी पिढी. पॅनलवर खरे नॉब आहेत, अ‍ॅपशिवाय चालतो. कार्यक्रम अधिक असतील तर १००, कारण लाइन आउट आणि मोठा फुटस्विच. एकच क्लीन आवाज आवडतो, बाकी पेडल आपले आहेत, असा गिटारिस्ट असेल तर टोन मास्टर: ट्यूबचा डीलक्स रिव्हर्ब साधारण १९ किलोचा, हा साडेदहाचा. लोकलने प्रवास करणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आणि महिन्याला चार-पाच कार्यक्रम, पीए दरवेळी असतोच, अशी स्थिती असेल तर आमचं मत थोडं वेगळं आहे. मोठा अ‍ॅम्प घेऊच नका. फ्लोअर मॉडेलर थेट पीएला, ऐकायला मॉनिटर, घरी त्याच युनिटला हेडफोन. जॅम रूममध्ये रोलँडच्या जेसी-१२० सारखा अ‍ॅम्प असेल तर त्याच्या इफेक्ट्स रिटर्नमध्ये (प्रीअ‍ॅम्पच्या नंतरच्या, मागच्या सॉकेटमध्ये) जोडा आणि कॅब सिम्युलेशन बंद करा. पुढच्या इनपुटमध्ये जोडलं तर दोन प्रीअ‍ॅम्प एकमेकांवर चढतात. पीएला देताना युनिटमध्ये ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं आणि ५ ते ६ किलोहर्ट्झच्या वरचं कापून द्या. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची आहे, त्याखाली फक्त हाताचे धक्के आणि गुरगुर असते.

दुकानात

आपली गिटार आणि आपले वायरचे हेडफोन घेऊन जा. सगळे इफेक्ट बंद करायला सांगा, रिव्हर्बसकट. मग क्रंच आवाजावर गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ५ वर आणा: ड्राइव्ह हळूहळू स्वच्छ व्हायला हवा. नुसता हळू झाला तर ते मॉडेल हाताला प्रतिसाद देत नाही, शंभर आवाज असले तरी काय उपयोग. क्लीनवर जोरात कॉर्ड मारा आणि फाटतो का बघा. नॉइज गेट (वाजवत नसताना खरखर दाबणारी सोय) बंद करून हात तारांवरून काढा, मूळ खरखर किती आहे ते ऐका. नंतर अगदी हळू आवाजावर पाच मिनिटं वाजवा, कारण घरी तुम्ही बहुतेक वेळ तसंच वाजवणार आहात.

परदेशातून कुणी आणून देत असेल तर मागची पट्टी वाचायला सांगा. अमेरिकेत विकलेल्या, आत ट्रान्सफॉर्मर असलेल्या अ‍ॅम्पवर १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. तो आपल्या २३० व्होल्टला लावला की निदान फ्यूज तरी जातो. तिथे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तोही अ‍ॅम्पच्या वीजवापराच्या दीडपट तरी क्षमतेचा. वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेल्यांचं सोपं असतं: त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त प्लग बदला. मात्र हरवलेल्या अ‍ॅडॉप्टरच्या जागी पेडलचा ९ व्होल्टचा लावू नका. व्होल्ट, अँपिअर आणि टोकाची ध्रुवता तिन्ही जुळायला हवीत.

जुना घेत असाल तर यूएसबी सॉकेट हलवून बघा आणि लॅपटॉपला तो दिसतो का तपासा. ते सॉकेट गेलं तर फर्मवेअर, म्हणजे अ‍ॅम्पच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलता येत नाही आणि पॅचची प्रतही काढता येत नाही. सगळे नॉब फिरवा, खरखरणारा असेल तर किंमत कमी करून घ्या. घरी आणल्यावर आधी फॅक्टरी रीसेट. फर्मवेअर भरायचं असेल तर पॅच लॅपटॉपवर उतरवून घ्या, वीज जाण्याची शक्यता असलेली वेळ टाळा, आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात त्याला हातच लावू नका. फर्मवेअर बदलल्यावर पॅचचे आवाज किंचित सरकलेले असू शकतात, ते पुन्हा जुळवायला एक तालीम हाताशी हवी.